कोण आले, कोण राहिले

२०१४-१५ साली राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेने, म्हणजे ‘नाको’ने, देशभर एक मोठी पाहणी केली. देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण देशात २.२ टक्के निघाले, महाराष्ट्रात ७.४ टक्के. हा आकडा पुढे कित्येक प्रस्तावांत, सादरीकरणांत आणि बातम्यांत छापला गेला. तो खोटा आहे असे मला म्हणायचे नाही. पण तो वाचताना एक साधा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. या बायका पाहणी करणाऱ्यांना भेटल्या कुठे?

ज्या जागा आधीच कोणाच्या तरी यादीत होत्या, तिथे. कुंटणखाने, लॉज, बार, हमरस्त्यावरचे थांबे. जी बाई यांपैकी कुठेच उभी राहत नाही, फोनवर वेळ ठरवते, एसटीने पाचोऱ्याला किंवा जळगावला जाते आणि दिवेलागणीच्या आत घरी परतते, ती या ७.४ मध्ये नाही. दुसऱ्या कुठल्या आकड्यातही नाही.

सोयगाव तालुका अशा माणसांचा आहे. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी वसलेला. कागदोपत्री मराठवाडा, बोलण्यावागण्यात निम्मा खानदेश. जिल्ह्याचे ठिकाण घाट चढून शंभरेक किलोमीटरवर, पाचोरा-जळगाव त्यापेक्षा कितीतरी जवळ. अजिंठ्याची लेणी याच तालुक्यात येतात, हे लेणी पाहून गेलेल्यांनाही बहुधा ठाऊक नसते. फर्दापूरच्या तिठ्यावर पर्यटकांच्या गाड्या, ट्रक आणि धाबे. बाकी तालुका कापूस, मका, डोंगरकडेचे तांडे आणि दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बाहेर पडणाऱ्या टोळ्या. मुंबईचा कामाठीपुरा किंवा पुण्याची बुधवार पेठ जशी बोटाने दाखवता येते, तशी इथे एकही जागा नाही. म्हणून ‘आमच्याकडे तसले काही नाही’ हे वाक्य इथे सरपंचापासून डॉक्टरपर्यंत सगळे अगदी प्रामाणिकपणे बोलतात.

ही पुस्तिका त्या वाक्यापाशी थांबू न इच्छिणाऱ्यांसाठी आहे. ग्रामीण रुग्णालयातले समुपदेशक, लिंक वर्कर, आशा, समाजकार्याचे विद्यार्थी आणि उद्या एखाद्या पाहणीचे काम अंगावर पडेल असे सगळे. लैंगिक आरोग्याच्या पाहणीसाठी माणसे कशी गाठतात, प्रत्येक रीतीत कोण हाती लागते, कोण निसटते, हा तिचा विषय. संख्याशास्त्र आत आहे, जरुरीपुरते. या प्रस्तावनेत मला मुख्यतः निसटणाऱ्यांविषयी बोलायचे आहे.

सर्वांत जुनी रीत म्हणजे माणसे जिथे आपणहून येतात तिथेच थांबायचे. आपल्या देशात १९९८ पासून नियमित चालणारे एचआयव्ही सेंटिनल सर्व्हेलन्स असेच आहे. ठरलेल्या सरकारी दवाखान्यात तपासणीला येणाऱ्या गरोदर स्त्रिया, ओळीने, ४०० होईपर्यंत किंवा तीन महिने संपेपर्यंत. इतर तपासण्यांसाठी काढलेल्या रक्ताचा उरलेला भाग नाव काढून टाकून तपासतात. जोखमीच्या गटांसाठी असेच २५० नमुने, स्वयंसेवी संस्थांच्या केंद्रांवरून. खर्च कमी, शिस्त सोपी, आणि दर फेरीला तेच केंद्र असल्याने प्रमाण चढते आहे की उतरते आहे हे चांगले कळते. पण चढउतार कळणे वेगळे आणि एकूण किती हे कळणे वेगळे. या दोहोंची गल्लत झाली की काय होते, हे देशाने २००७ साली पाहिले.

तोवर भारतात ५२ लाख एचआयव्हीबाधित असल्याचा सरकारी अंदाज होता. तिसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने २००५-०६ मध्ये घरोघरी जाऊन एक लाखाहून जास्त लोकांचे रक्त तपासले आणि प्रमाण ०.२८ टक्के काढले. जुलै २००७ मध्ये नवा अंदाज जाहीर झाला, २५ लाखांच्या आसपास. निम्म्याहून थोडी जास्तच माणसे कागदावरून नाहीशी झाली. आंध्रातल्या गुंटूर जिल्ह्याच्या अभ्यासाने याचे एक कारण आधीच दाखवले होते. गरीब आणि आजारी माणसे सरकारी रुग्णालयात जास्त येतात, खासगी दवाखान्यांतूनही तिकडेच पाठवली जातात, त्यामुळे तिथे बसून मोजले की आकडा फुगतो.

मग घरोघरी जाणेच बरे, असे वाटेल. पण घरोघरच्या पाहणीत सापडतो तो घर असलेला आणि त्या दिवशी घरात असलेला माणूस. ट्रकवरचा क्लीनर, कुंटणखान्यातली बाई, तुरुंगातला कैदी, कोल्हापूर-सांगलीकडच्या फडावर कोपीत राहणारे जोडपे, यांच्या दारावर कोणी थाप मारत नाही. शिवाय सासू शेजारी बसलेली असताना सुनेने काय सांगावे? केंद्रावरच्या मोजणीत आकडा फुगला, घरोघरच्या मोजणीत काही प्रमाणात दबला असणार. दोन्हींकडे पद्धत नियमाप्रमाणे होती, कोणी लबाडी केली नव्हती.

जोखमीच्या गटांपर्यंत नेमके पोहोचायचे म्हणून २००५ ते २००७ या काळात ‘आवाहन’ या एचआयव्ही प्रतिबंध प्रकल्पासाठी सहा राज्यांत एक मोठी पाहणी झाली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद तिच्यात होती, आणि महाराष्ट्राचे काम पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेने, भोसरीच्या ‘नारी’ने सांभाळले. दुसरी फेरी २००९-१० मध्ये झाली. मुंबई, ठाणे, पुणे, कोल्हापूर, यवतमाळ आणि मराठवाड्यातून परभणी असे इथले जिल्हे होते. रक्त आणि लघवी दोन्ही घेतली गेली, एचआयव्हीबरोबर सिफिलिस, गोनोरिया, क्लॅमिडिया हेही तपासले गेले. आज आपण ज्या पद्धती गृहीत धरतो त्यांची इथल्या मातीत खरी परीक्षा याच पाहणीत झाली.

त्यातली एक पद्धत जवळून पाहण्यासारखी आहे. वेळ आणि जागा यांची सांगड घालून माणसे निवडायची. आधी जागांची यादी करायची आणि प्रत्येक जागेपुढे तिथे वर्दळ असते ते वार आणि तास लिहायचे. मंगळवारी संध्याकाळी सहा ते नऊ, स्टँडमागची गल्ली, ही एक चिठ्ठी. शनिवारी रात्री नऊ ते बारा, तीच गल्ली, ही दुसरी. अशा शेकडो चिठ्ठ्यांतून काही उचलायच्या, त्या वेळी तिथे जायचे, जमलेली माणसे मोजायची आणि ठरल्या अंतराने एकेकाला विचारायचे. ओळखीच्याला घ्यायचे नाही, बोलका आहे म्हणून घ्यायचे नाही. आठवड्यातून पाच संध्याकाळी येणारा माणूस पुन्हा पुन्हा निवडला जाण्याची शक्यता जास्त, म्हणून ‘किती वेळा येतोस’ हेही विचारायचे आणि हिशेबात तेवढे वजन कमी करायचे. रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या स्त्रिया, बागेत किंवा स्टेशनवर भेटणारे पुरुष यांच्यासाठी ही रीत फार चोख आहे. कुंटणखान्यांसाठी त्याहून साधी, वस्त्यांचे समूह पाडून निवड करण्याची रीत पुरते, कारण तिथली माणसे जागची हलत नाहीत.

निदान हलत नव्हती. ऑगस्ट २००५ मध्ये राज्यात डान्स बारवर बंदी आली आणि तिथल्या मुली बघता बघता पांगल्या. ऑगस्ट २०२१ मध्ये नागपूरच्या गंगा-जमुना वस्तीत पोलिसांची नाकेबंदी झाली. अशा प्रत्येक कारवाईनंतर आरोग्याच्या लोकांची यादी रद्दीत जाते आणि वर्षानुवर्षे जोडलेली ओळख तुटते. जागा बंद केल्याने धंदा बंद होत नाही, तो फोनवर जातो. जागेवर आधारलेल्या पाहणीचा पाया दरवर्षी थोडा थोडा खचतो आहे, आणि याला सर्वांत जास्त हातभार आपल्याच दुसऱ्या एका सरकारी खात्याचा आहे, हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

जागाच नसेल तर? १९९७ साली डग्लस हेकथॉर्न या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने नशेची सुई टोचून घेणाऱ्यांसाठी एक युक्ती मांडली. आधी चार-सहा माणसे हाताशी धरायची. त्यांची मुलाखत झाली की प्रत्येकाला तीन कूपने द्यायची. त्याने ती आपल्यासारख्याच तिघांना द्यावीत. ते आले की त्यांनाही तीन-तीन. आल्याबद्दल थोडा मोबदला आणि दुसऱ्याला आणल्याबद्दल थोडा. साखळी पाचसहा कड्या लांबली की सुरुवातीला कोणाला धरले होते याचा परिणाम पुसट होतो, असा त्यामागचा हिशेब. मणिपूर-नागालँडमध्ये सुईने नशा करणाऱ्यांपर्यंत याच वाटेने पोहोचता आले. २०१२-१३ मध्ये देशातल्या २७ ठिकाणी या रीतीने साडेसव्वीस हजार माणसे गोळा झाली, १२ ठिकाणी पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष आणि १५ ठिकाणी सुई टोचणारे. ब्राझीलमधल्या फोर्तालेझा शहरात या कूपनच्या रीतीची वेळ-जागेच्या रीतीशी आणि साध्या ओळखीपाळखीच्या रीतीशी तुलना झाली, तेव्हा गरीब वस्तीतले पुरुष कूपनाने जास्त आले आणि खर्चही कमी आला.

म्हणून सोयगावला कूपने वाटावीत, असा सल्ला मला अनेकदा ऐकायला मिळतो. माझे मत विरुद्ध आहे.

या रीतीला दाट ओळखींचे जाळे लागते. शहरात एका हिजड्याला किंवा एका नशेकऱ्याला आपल्यासारखे वीस-पंचवीस सहज ठाऊक असतात. तालुक्यात, ‘तुझ्यासारखे काम करणाऱ्या किती जणी तुला ओळखतात’ या प्रश्नाला खरे उत्तर बहुधा ‘एक’ किंवा ‘कोणीच नाही’ असते. लपून राहण्याचा सगळा खटाटोप त्यासाठीच तर असतो. आणि या रीतीचे सगळे गणित नेमके याच प्रश्नाच्या उत्तरावर उभे असते, कारण ज्याच्या ओळखी कमी त्याला हिशेबात वजन जास्त. दुसरी अडचण कागदाच्या त्या तुकड्याची. मुंबईत कूपन हरवले तर हरवले. गावात ते नवऱ्याच्या हाती पडले, तर त्या बाईचे काय होईल याचा अंदाज पाहणीच्या आराखड्यात कुठल्याही रकान्यात बसत नाही. तिसरी मोबदल्याची. जिथे दिवसाची मजुरी बेभरवशाची, तिथे पैशासाठी कोणीही ‘मी तसाच’ म्हणून येऊन बसेल.

खेड्यात ही रीत कशी चालते याची एक उत्तम परीक्षा युगांडात झाली आहे. तिथल्या ग्रामीण भागात २,४०२ कुटुंबप्रमुख पुरुषांची बरीचशी माहिती संशोधकांकडे आधीच होती. त्याच लोकांत त्यांनी कूपनांची पाहणी केली आणि हाती आलेले ९२७ पुरुष मूळ लोकसंख्येशी ताडून पाहिले. हा अभ्यास २०१२ मध्ये छापून आला. नमुना बराचसा जुळला, पण तरुण आणि बरी परिस्थिती असलेले पुरुष कमी आले, ज्यांच्या लैंगिक व्यवहाराची आणि एचआयव्हीची माहिती मुळातच नव्हती तेही कमी आले, आणि ही तूट भरून काढण्यासाठी जे गणित वापरतात त्याने ती भरली नाही. ही माणसे तर लपलेलीही नव्हती.

सोयगावच्या बाबतीत सर्वांत कठीण आणि सर्वांत महत्त्वाचा गट मात्र वेगळाच आहे. ऊसतोडीला जाणारे. ते कुठल्याही यादीत ‘जोखमीचे’ म्हणून नाहीत, नाकोच्या भाषेत ते स्थलांतरित, म्हणजे एका गटातून दुसऱ्या गटात संसर्ग नेऊ शकणारे मधले लोक. ते लपलेले अजिबात नाहीत. मुकादमाच्या वहीत प्रत्येक कोयत्याचे, म्हणजे प्रत्येक जोडप्याचे नाव असते, उचल किती दिली तेही असते. पाहणी करणाऱ्याला याहून चांगली यादी मिळणार नाही. आणि तीच यादी वापरू नये, असे माझे स्पष्ट म्हणणे आहे. ज्याची उचल अंगावर आहे त्याला मुकादमाने ‘जा, रक्त देऊन ये’ म्हटल्यावर नाही म्हणता येत नाही. बाईला तर त्याहून नाही. कागदावर तिचा अंगठा असेल, पण ती संमती नव्हे. शिवाय तपासणीत काय निघाले हे मुकादमाला कळले, तर पुढच्या हंगामात त्या कोयत्याला काम मिळणार नाही.

दुसरी वाट लांबची आहे, पण आहे. पट्टा पडला, म्हणजे तोडणीचा हंगाम संपला, की उन्हाळ्यात माणसे तांड्यावर परततात. बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पेटला, तेव्हा ८२ हजारांहून जास्त स्त्रियांची माहिती गोळा झाली आणि त्यांतल्या १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. घरी असताना गेले आणि बाईने बाईला विचारले, तर इतक्या खासगी गोष्टीही कळतात, हे त्यातून दिसले. सोयगावच्या तांड्यांसाठी एप्रिल ते जून हेच पाहणीचे महिने असावेत. आर्थिक वर्षाचा निधी मार्चअखेर संपवायचा म्हणून जानेवारीत शिबिर लावले, की तांड्यावर म्हातारी आणि पोरेच भेटतात, आणि अहवालात ‘प्रतिसाद अल्प’ असे लिहिले जाते.

माणूस भेटला तरी तो खरे सांगेल का, हा प्रश्न उरतोच. यासाठी कर्नाटकात वापरलेली ‘पोलिंग बूथ’ची रीत मला फार आवडते. दहाबारा जण एकत्र बसतात, प्रत्येकाच्या पुढे आडोसा, हातात क्रमांकाची कार्डे आणि समोर तीन डबे: हो, नाही, लागू नाही. प्रश्न मोठ्याने वाचला जातो, ज्याने त्याने कार्ड टाकायचे. कोणी काय टाकले हे विचारणाऱ्यालाही कळत नाही. समोरासमोर विचारल्यावर जे कोणी कबूल करत नाही, ते डब्यातून बाहेर येते. तोटा असा की एका माणसाची दोन उत्तरे एकमेकांशी जोडता येत नाहीत, आणि रक्ताच्या तपासणीशी तर नाहीच. पण गावपातळीला आधी एवढेच कळले तरी खूप आहे. वाचता न येणाऱ्यांसाठी कार्डांवर चित्रे काढता येतात.

मोबाइलवरच्या भेटीगाठींच्या ॲपविषयी थोडक्यात. पुरुषांशी संबंध ठेवणारे तरुण पुरुष आता तिथेच आहेत, आणि १९९४ पासून काम करणाऱ्या मुंबईच्या ‘हमसफर ट्रस्ट’सारख्या संस्थाही त्यांच्या मागे तिथे गेल्या आहेत. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ ची तलवार काढून घेतल्यावर बोलणे थोडे सोपे झाले. तालुक्यात लग्न होऊन दोन पोरांचा बाप असलेला माणूस कुठल्याही बागेत सापडणार नाही, पण फोनवर सापडेल. ज्याच्याकडे स्वतःचा, घरातल्या कोणाच्या हाती न पडणारा फोन आहे, तोच मात्र. बायकांच्या बाबतीत ही अट फार मोठी आहे.

कायद्याची एक बाजू इथे सांगायलाच हवी. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. तपासणीला संमती आणि माहितीची गुप्तता हा त्याचा गाभा. निनावी पाहणीसाठी संमतीची अट तो शिथिल करतो, पण पाहणी कशासाठी आहे हे लोकांना सांगितले पाहिजे असे म्हणतो. शहरासाठी हे ठीक. चाळीस घरांच्या तांड्यात वय, लग्न, मुले आणि नवऱ्याचे काम एवढे चार रकाने भरले की नाव लिहिण्याची गरजच उरत नाही. म्हणून तालुक्याच्या पाहणीत गावाचे नाव लिहू नये, निकाल गावात सांगू नये. ज्याला हवे त्याला शेजारच्या तालुक्यात, जळगावला किंवा संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात तपासणी आणि उपचार मिळतील अशी सोय आधी करावी आणि मगच रक्त मागावे. सोय नसताना आकड्यासाठी रक्त घेणे मला अनैतिक वाटते.

या सगळ्यातून सोयगावसाठी माझी निवड अशी: फर्दापूरच्या तिठ्यापुरती वेळ-जागेची रीत, तांड्यांवर उन्हाळ्यात घरोघर आणि पोलिंग बूथ, तरुण पुरुषांसाठी फोन, आणि ग्रामीण रुग्णालयातल्या गुप्तरोगाच्या रुग्णांची नियमित, नाव काढलेली नोंद. चार वाटांनी आलेले आकडे जुळणार नाहीत. त्यांची सरासरी काढून एकच टक्का तयार करण्याचा मोह वरून येणाऱ्या रकान्यांमुळे होईल. तो टाळावा.

पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर एक कोरा तक्ता दिला आहे. किती जणांना विचारले, किती आले, किती मधेच उठून गेले, कोण आलेच नाही आणि का, एवढेच त्यात लिहायचे आहे. हे पुस्तक हाती घेणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे की जिल्ह्याला अहवाल पाठवताना हा तक्ता पहिल्या पानावर लावा, आणि टक्का त्याच्या खाली लिहा.